डायनोवर गाडी चढवण्याआधी

डायनो म्हणजे बाइकचं मागचं चाक रोलरवर फिरवून इंजिनाची ताकद मोजणारं मशिन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४० पार जातो. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि ताकद घटते. म्हणून ट्यूनिंगच्या आधीचा आणि नंतरचा रन (म्हणजे मोजणी) एकाच दिवशी, एकाच मशिनवर घ्या. जानेवारीचा आकडा मेच्या आकड्याशी लावू नका.

निघण्यापूर्वी एअर फिल्टर साफ करा, मागच्या टायरची हवा बघा. चेन खालून बोटाने उचलून पाहा, फार लोंबत असेल तर आधी ताणून घ्या. रोलरवर पूर्ण थ्रॉटलला सैल चेन उतरली तर जिवावर बेतेल.

इंजिनासमोर मोठा पंखा नसेल तर गाडी चढवूच नका. आणि नुसता हॉर्सपॉवरचा आकडा नको, हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आलेखही मागून घ्या. पूर्ण थ्रॉटलला वजनाने एक भाग पेट्रोलमागे साधारण १३ भाग हवा असावी, १४.७ च्या वर गेली तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापणार.