ज्वारीचं माल्ट: पहिल्यांदा करताय? या चुका टाळा

थंडी पडली की ज्वारीचं माल्ट करायचं खूळ अनेकांच्या डोक्यात शिरतं आणि तेच ते प्रश्न सुरू होतात. पेज गोड का होत नाही? पीठ आंबूस का येतं? मोड काळे का पडले? चुका ठरलेल्या, म्हणून उत्तरंही ठरलेली. बिअरसाठी बार्लीचं जे करतात तेच इथं करायचं असतं: दाणा भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा आणि मग गरम पाण्यात त्याच्याकडून पिठाची साखर करून घ्यायची. बिअरचे कारखाने आमच्याकडं वाळूजला आहेतच. पण घरी परवान्याशिवाय मद्य करायला महाराष्ट्रात कायद्यानं मनाई आहे, तेव्हा मी पेज आणि आंबिलीपुरतंच बोलतो.

सगळ्यात आधी: पेरणीच्या पिशवीतली उरलेली ज्वारी कधीही घेऊ नका. त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. खरिपाची, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारीही नको, तिच्यात बुरशी आधीच बसलेली असते. रब्बीची मालदांडी किंवा दगडी घ्या. घेतल्यावर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. ९० तरी उगवले पाहिजेत. ही उगवण चाचणी शेतकऱ्याला सांगावी लागत नाही, पण दुकानातून पाच किलो आणणारा ती हमखास टाळतो आणि अर्धे दाणे तसेच कुजले की पाण्याला दोष देतो.

आता माझ्या सगळ्यात रागाची चूक. वाळवायला वेळ नाही म्हणून मोड आलेली ज्वारी कढईत भाजणं.

सेलूकडच्या एका बचत गटानं विकायला माल्ट केलं होतं. मोड सुरेख आणले. मग ढग आले, ऑर्डर तर द्यायची होती, म्हणून खमंग वास सुटेपर्यंत सगळं भाजून काढलं आणि दळलं. लोक म्हणू लागले, याच्यात आणि साध्या पिठात फरक काय? बायांना वाटलं ज्वारीच खराब निघाली. मी गेलो तेव्हा ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवायला लावली, जरा निवू दिली आणि दोन वाडग्यांत काढली. एकात त्यांचं भाजलेलं पीठ चमचाभर, दुसऱ्यात मी नेलेलं, सावलीत वाळवलेल्या मोडांचं. दोन्ही ढवळून झाकून ठेवली. थोड्या वेळानं पहिल्या वाडग्यात चमचा उभा राहत होता. दुसऱ्यातली पेज पळीवरून ताकासारखी धार धरून पडत होती. गटातल्या मावशींनी दोन्ही चाखून बघितली आणि म्हणाल्या, "आता गं बया, ही तर गोडच झाली!"

मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, तेच पिठाची साखर करतात. कढईतल्या आचेनं ते मरतात. मग उरतं ते भाजलेल्या ज्वारीचं पीठ. चवीला ते छान लागेल, पण त्याला माल्ट म्हणून विकणं मला पटत नाही. आधी हवेशीर सावलीत पातळ पसरा, मग सकाळचं ऊन द्या. एप्रिल-मेमधल्या आमच्या पत्र्यावर टाकू नका, तो पत्रा कढईपेक्षा फार वेगळा नसतो. दाणा दाताखाली कट्ट वाजला की झालं. आभाळ असेल तर पंख्याखाली ठेवा. तेवढी कळ निघत नसेल तर त्या आठवड्यात माल्ट करूच नका.

दुसरी चूक जिवाशी खेळणारी आहे. मटकीची सवय असल्यामुळे लोक ज्वारीचे लांब मोडही तसेच दळतात, "मोडातच तर ताकद असते" म्हणत. ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यापासून सायनाइड हे विष सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते ह्याच्यामुळेच. गोठ्यात ज्याची इतकी काळजी घेतो, ते लेकराच्या वाटीत कसं चालेल? कोंब दाण्याएवढे झाले की थांबा. पूर्ण वाळल्यावर गोणपाटावर खसाखसा चोळा आणि सुपात पाखडा. मुळ्या-कोंबांचा भुसा झडून निघतो. मी दोनदा पाखडतो, कारण पहिल्या खेपेला खाचेतल्या मुळ्या राहतातच. हा भुसा जनावरांपुढंही टाकू नका.

तिसरी चूक व्हिडिओ बघून होते. ते व्हिडिओ बार्लीचे असतात. बार्लीचं पीठ ६५ अंशाच्या आसपासच फुलतं, म्हणून तिथं सगळं एकदम भिजवलेलं चालतं. ज्वारीचं पीठ फुलायला ७० च्या वर जावं लागतं आणि तिथं एन्झाइम टिकत नाहीत. म्हणून साधं पीठ आधी वेगळं शिजवा, ६० ते ६५ अंशांवर येऊ द्या आणि मगच दळलेलं माल्ट घाला. चार वाट्या पिठाला मी एक वाटी घेतो, भांडं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवतो. बोट बुडवून अंदाज घेऊ नका, चटका बसेल, थर्मामीटर घ्या. साखर झाली का हे बघायला थेंबभर पेज बशीत काढून टिंक्चर आयोडीन टाका. निळंकाळं झालं तर पीठ अजून शिल्लक आहे. तो थेंब फेकायचा. शेवटी उघड्या भांड्यात पेजेला चांगली उकळी आणायची.

बाकीच्या चुका छोट्या. भिजवलेल्याचं पाणी बदलत नाहीत, म्हणून आंबतं. मोडांना दिवसातून दोनदा हात घालून उलथत नाहीत, म्हणून मध्ये गरम होऊन बुरशी धरते. हिरवा, काळा, गुलाबी, कुठलाही डाग दिसला तर सगळं फेका, निवडत बसू नका.

आणि एकदम पाच किलो दळून आणू नका. गिरणीत पीठ तापतं, घरी आल्यावर ओल धरतं. अख्खं माल्ट कोरड्या स्टीलच्या डब्यात चांगलं राहतं. लागेल तेवढं मिक्सरवर थांबून थांबून फिरवा.