किनाऱ्यावरचा काळवत्री कसा ओळखावा

अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतचा काळा कातळ मुख्यतः बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळवत्रीचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा थिजून तो बनला. पण शेवाळ चढलं की कुठलाही दगड काळाच दिसतो, म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जा आणि पाणी वळलं की परता. सोबत दहापट भिंग, चाकू, काचेचा तुकडा, व्हिनेगर आणि स्प्रिंगचा काटा घ्या. कातळ फोडू नका, नुकताच फुटलेला सुटा दगड उचला.

आधी ताज्या बाजूचे कण बघा. भिंगाखालीही ते जेमतेम दिसले, तर लाव्हा उघड्यावर लवकर थिजला: बेसाल्ट. तोच रस खोलवर सावकाश थिजला की कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तो गॅब्रो. मधल्या कणांचा तो डोलेराइट. दुसरी कसोटी सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. बेसाल्टमध्ये ती 45 ते 52 टक्के असते. 70 च्या आसपास गेली की बारीक कणांचा ऱ्हायोलाइट, भरड कणांचा ग्रॅनाइट.

सिलिका घरी मोजता येत नाही, घनता येते, आणि सिलिका जास्त तर घनता कमी. दगड दोऱ्याने काट्याला टांगून वजन घ्या, मग पूर्ण पाण्यात बुडवून घ्या. हवेत 600 ग्रॅम, पाण्यात 395, म्हणजे फरक 205. 600 भागिले 205 बरोबर 2.93. घट्ट बेसाल्ट 2.8 ते 3 भरतो, ग्रॅनाइट 2.65च्या आसपास. पोकळ्या असलेला दगड कमी भरतो, त्यामुळे या चाचणीला तो घेऊच नका.

त्या पोकळ्या मात्र नीट बघा. लाव्हातले वायूचे बुडबुडे तिथे अडकले आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. चाकूने थोडी भुकटी काढून व्हिनेगर टाका. फसफसली तर कॅल्साइट. मात्र शिंपल्याचा चुराही फसफसतो, तो आधी झटका. फसफसली नाही आणि चाकूने ओरखडा उठला तर बहुधा झिओलाइट. उलट त्या खनिजानेच काचेवर ओरखडा काढला तर क्वार्ट्झ.

कातळातून सरळ भिंतीसारखी रांग गेली असेल तर ती डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला रस. कडेला तो लवकर थंड झाला, म्हणून तिथले कण मधल्यापेक्षा बारीक असतात. तिची दिशा घेताना होकायंत्र दगडावर टेकवू नका. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाने सुई हलते. छातीच्या उंचीवर धरा.

आणि सड्यावरचा जांभा यात मोजू नका. तो बेसाल्टच झिजून, कुजून बनला. त्याची भोकं लाव्हाच्या बुडबुड्यांची नाहीत.