थकलेल्या संध्याकाळी लहानपणीचं गाणं

घरी आलं तरी ऑफिस डोक्यातून जात नाही, आणि विरंगुळा शोधता शोधता मोबाइलवर तास जातो. त्या वेळी शोधूच नका.

१. रविवारीच लहानपणीची पाच-सहा गाणी आणि एखाद्या मालिकेचे दोन भाग डाउनलोड करून ठेवा. माझं पहिलं गाणं ‘नाच रे मोरा’, आशाताईंचं, १९५३चं. मग दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’चं शीर्षकगीत. ते लागलं की दूध-पोह्यांची वाटी आठवते, आवळलेले खांदे खरंच सैल पडतात.
२. ऑटोप्ले बंद.
३. हातपाय धुवा, चहा घ्या, एकच भाग बघा.

दोन आठवडे झोपच लागत नसेल तर मात्र गाण्यांवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं.