पहिला कॅमेरा घेताय? कंपनीने काय कापलंय ते आधी बघा

कॅनन घ्यावा, निकॉन की सोनी, हे विचारायचा अवकाश, ओळखीतला प्रत्येक जण स्वतःकडे असलेल्या कंपनीचं नाव सांगतो. खरं तर सुरुवातीच्या किमतीतल्या कॅमेऱ्यांचे सेन्सर (चित्र टिपणारी चिप) आज इतके जवळ आलेत की नुसता फोटो बघून कंपनी ओळखता येणं कठीण. किंमत खाली आणायला मात्र प्रत्येक कंपनी काही ना काही कापते आणि प्रत्येकीची कात्री वेगळ्या जागी चालते. जाहिरातीत ते नसतं. ते कळतं घरी आल्यावर, आणि मग ‘पीस खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होतं.

मेगापिक्सेल मोजत बसणं

निकॉन झेड३० मध्ये २०.९ मेगापिक्सेल, कॅनन आर५० मध्ये २४.२. ऐकायला फरक मोठा वाटतो. फोटोच्या रुंदीत तो ५५६८ विरुद्ध ६००० पिक्सेल, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. यावर निर्णय घेऊ नका, एवढंच.

‘फ्लॅश उडतच नाही’

ही तक्रार बहुतेक वेळा कॅननवाल्यांची. २०१९ साली आलेल्या २००डी मार्क टू या मॉडेलच्या हॉट शूमधली, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेतली, मधली पिन कंपनीने काढून टाकली. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर (फ्लॅश लांबून उडवणारं यंत्र) त्याच एका पिनवर चालतात. त्यामुळे ते या कॅमेऱ्यावर नीट बसतात, पण उडत नाहीत. सेल बदलून, सेटिंग बदलून काही होत नाही. कॅननची ईटीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानेच फ्लॅशचा प्रकाश ठरवायची पद्धत समजणारा फ्लॅशच लागतो. आर५० ची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा शू नव्या पद्धतीचा असल्याने जुने फ्लॅश लावायला एडी-ई१ हा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

सोनीने २०२४ च्या झेडव्ही-ई१० मार्क टू मध्ये मेकॅनिकल शटरच, म्हणजे सेन्सरपुढे उघडझाप करणारा पडदाच, ठेवलेलं नाही. त्यावर फ्लॅश वापरताच येत नाही. शिवाय मांडवातल्या एलईडी माळांखाली फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. व्हिडिओसाठी हा कॅमेरा उत्तम, पण बारसं, मुंज, साखरपुडा अशा घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढायचे असतील तर मी तो कोणाला सुचवणार नाही.

स्वस्त लेन्स, पण फोकस होईना

निकॉन डी३५०० आणि डी५६०० सेकंड हँड बाजारात भरपूर मिळतात आणि अजूनही छान फोटो देतात. पण या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नाही. कोणी ५०एमएम एफ/१.८डी स्वस्तात दिली म्हणून घेतलीत, तर ऑटोफोकस चालणार नाही, फोकस हातानेच करावा लागेल. शिवाय स्क्रीनवर ‘एफईई’ असं काहीतरी उमटलं तर घाबरू नका, लेन्सवरची अ‍ॅपर्चर (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी) रिंग २२ वर नेऊन लॉक करा. ऑटोफोकस हवा असेल तर लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असायला हवं. पुढे निकॉनच्या नव्या झेड मालिकेकडे गेलात तरी जुन्या लेन्स तिथे बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, तेव्हा ती डी लेन्स तिथेही हातानेच फिरवायची.

कॅननमध्ये सापळा माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीवर बसते त्या जोडणीचा आहे. एम५० अनेक व्हिडिओवाल्यांनी घेतला आणि आता तो स्वस्तात विकायला येतो. त्याच्या ईएफ-एम लेन्स नव्या आर मालिकेवर बसत नाहीत आणि त्यासाठी कॅननचा अडॅप्टरही नाही. याउलट जुन्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) ईएफ लेन्स आर५० वर अडॅप्टरने झकास चालतात. म्हणून काकांच्या कपाटात एखादी जुनी ईएफ लेन्स पडून असेल, तर तुमचा कौल कॅननकडे झुकायला ते पुरेसं कारण आहे. हाताशी काहीच नसेल, तर दुसऱ्या कंपन्यांच्या परवडणाऱ्या लेन्स सर्वांत जास्त सोनीच्या ई माउंटला मिळतात. कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉन या कंपन्यांच्या क्रॉप सेन्सरच्या (अशा स्वस्त कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरच्या) लेन्स २०२४ मध्ये कुठे यायला लागल्या.

दुकानातल्या सावलीत स्क्रीन बघून खूश होणं

झेड३० आणि झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. एप्रिलच्या दुपारी राजगडावर उभं राहिलात की स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. कॅननच्या आर१०० ला व्ह्यूफाइंडर आहे, पण स्क्रीन टच नाही आणि फिरतही नाही. मोबाइलची सवय लागलेल्याला हे पहिल्याच दिवशी खुपतं. ट्रेकवाल्याने व्ह्यूफाइंडर सोडू नये, स्वतःचं चित्रीकरण करणाऱ्याने फिरता स्क्रीन सोडू नये. दोन्ही हवं तर आर५० किंवा निकॉन झेड५० मार्क टू.

नवा कॅमेरा सुरू केला आणि फोटोच निघेना

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स बऱ्याचदा मिटलेली असते. झूमची रिंग फिरवून ती उघडा. डी३५०० सोबतच्या १८-५५ वर त्यासाठी एक बटणही आहे. दुकानात परत धावू नका.

बिलावर पाणी सोडणं

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा कुठेही, ‘बिलाशिवाय स्वस्त लावतो’ असं कानावर आलं की तो माल बाहेरून आणलेला असू शकतो. त्याला भारतातली कंपनी वॉरंटी मिळेलच असं नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर जुळवून बघा, आणि वॉरंटी कार्ड कंपनीचं आहे की दुकानाचं, ते पैसे देण्याआधी वाचा.