एसआर-२२ लागलंय? मग या चुका टाळा

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, विम्याशिवाय अपघात झाला किंवा लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली, की बहुतेक राज्यांत लायसन्स परत देताना 'एसआर-२२' मागतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात विम्याचा पुरावा म्हणजे गाडीत ठेवलेला, पोलिसाने अडवलं की दाखवायचा कागद. घोळ होतो तो या समजुतीमुळेच. एसआर-२२ म्हणजे वेगळा विमा नव्हे. या माणसाचा विमा चालू आहे आणि तो बंद पडला तर कळवू, अशी विमा कंपनीने थेट राज्याला दिलेली हमी म्हणजे एसआर-२२.

म्हणून नवी पॉलिसी हातात आली की लगेच गाडी काढू नका. कंपनीने फाइलिंग केलं का, म्हणजे एसआर-२२ राज्याकडे पाठवला का, डीएमव्हीने (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याने) ते नोंदवलं का, लायसन्स पुन्हा सुरू करण्याची फी भरली का, हे आधी पाहा. त्या मधल्या दिवसांत पकडले गेलात तर निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचा नवा गुन्हा लागतो.

सगळ्यात महागात पडतो तो विम्यातला खंड. दोन महिने भारतात जायचं, गाडी उभीच राहणार, मग हप्ता कशाला भरायचा, हा हिशेब इतर वेळी ठीक असेल, इथे अजिबात नाही. ऑटोपेला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली तरी तेच. पॉलिसी रद्द झाली की कंपनी एसआर-२६ हा फॉर्म राज्याकडे पाठवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं. एसआर-२२ साधारण दोन-तीन वर्षं सलग चालू ठेवावा लागतो; खंड पडला तर काही राज्यांत ही मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात. दोन वर्षं अकरा महिने सांभाळलेलं असं वाया जाताना पाहवत नाही. कंपनी बदलायची असेल तर आधी नवीचं फाइलिंग होऊ द्या, मगच जुनी पॉलिसी बंद करा.

गाडी विकली म्हणून जबाबदारी सुटत नाही. अशा वेळी 'नॉन-ओनर', म्हणजे स्वतःची गाडी नसलेल्यांसाठीची पॉलिसी घेता येते. मात्र घरातली बायकोची किंवा नवऱ्याची गाडी रोज वापरणार असाल तर ही पॉलिसी सहसा चालत नाही. घरात किती गाड्या आहेत, हे एजंटला खरं सांगा.

फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यासाठी एसआर-२२ऐवजी एफआर-४४ हा तसाच, पण जास्त संरक्षण मागणारा फॉर्म लागतो. फ्लोरिडात त्यासाठी एका व्यक्तीच्या इजेला १ लाख, एका अपघातातल्या एकूण इजांना ३ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीला ५० हजार डॉलरचं संरक्षण हवं. तिथे साधी किमान पॉलिसी पुरत नाही.

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं एसआर-२२ मागत नाहीत. पण टेक्ससमध्ये तो लागला असेल, तर नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेलात तरी टेक्ससची अट कायम राहते. निघण्यापूर्वी कंपनीला विचारा: दुसऱ्या राज्यातून हे फाइलिंग चालू ठेवाल का?

मुदत टेक्ससमध्ये दोषी ठरल्याच्या तारखेपासून २ वर्षं, कॅलिफोर्नियात साधारण ३ वर्षं. शेजाऱ्याला किती लागली यावर जाऊ नका. तुमची शेवटची तारीख डीएमव्हीकडून लेखी घ्या, ती उलटल्याची खात्री झाली की मगच कंपनीला फाइलिंग काढायला सांगा. ते आपोआप निघेल असं धरून चालू नका.