साताऱ्यात शिकायला येताय? मग आधी रूमचं, मग कमवा-शिकाचं

दरवर्षी निकाल लागला की गावाकडची दोन-चार पोरं फोन करतात, दादा साताऱ्यात ॲडमिशन घेतोय, काय काय लागतं? तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे रूम. मी पाटण तालुक्यातला, एसटीतनं उतरलो तेव्हा पाठीवर सॅक आणि हातात आईनं दिलेलं तांदळाचं पोतं. तिसऱ्या घरात काकूंनी खोली दाखवली, भाडं ठरलं, नळाला पाणी किती वाजता येतं तेपण सांगून झालं आणि मग हळूच, "आडनाव काय म्हणालास?" सांगितलं. "नाही, म्हणजे त्यात कुठले?" तेपण सांगितलं. काकू आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अरे ह्यांच्या भाच्याला द्यायचीय खोली, विसरलेच बघ मी. पोतं उचललं आणि निघालो, काय करणार. तुमच्यातल्या काहींना हा प्रश्न येणारच, मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगतोय. सीनियरच्या ओळखीनं रूम बघा आणि हॉस्टेलचा फॉर्म ॲडमिशनच्या दिवशीच भरा, नंतर बघू म्हणालात तर यादी लागून गेलेली असते.

कॉलेज माझं छत्रपती शिवाजी कॉलेज, रयत शिक्षण संस्थेचं. ते १९४७ साली निघालं एवढं मुलाखतीत विचारतील म्हणून पाठ केलेलं, बाकी काही माहीत नव्हतं. कमवा आणि शिकात, म्हणजे कॉलेजातच काम करून शिकायच्या योजनेत, नाव घातलं कारण पैसे नव्हते, आणि काम मिळालं लायब्ररीत, फाटकी पुस्तकं शिवायचं. दाभण, दोरा, खळ. खळ वाळली की बोटांची कातडी ओढल्यासारखी होते आणि वास दिवसभर जात नाही. वर्गातली पोरं पुस्तक घ्यायला आली की मी रॅकमागं जायचो, खोटं कशाला बोलू, लाज वाटायची.

एक दिवस रयत काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्रच शिवायला आलं. शिवण सुटलेली, पानं मागंपुढं झालेली, क्रम लावायचा तर वाचावं लागतंय. त्यातलं एक पान हातात आलं आणि तिथंच थांबलो. भाऊराव कोल्हापूरला जैन बोर्डिंगात शिकायला होते तेव्हा अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्या कार्यक्रमाला हे गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगातल्यांनी आंघोळ करून मगच जेवायला बसायचं असं सांगितलं, ह्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातनं बाहेर पडावं लागलं. म्हणजे आमच्या कॉलेजची गोष्ट सुरू होते एका पोराला राहत्या जागेतनं बाहेर काढलं तिथनं! मला ती काकू आठवली, खरंच सांगतो.

मग पुढची पानं लावत गेलो. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एकाच छपराखाली, एकाच पंगतीत. गांधीजींनी १९२७ ला त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस नाव दिलं. पोरं स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची, दगड फोडायची, गावागावातनं मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं. एकदा पोरांच्या पोटाला काहीच नव्हतं तर लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या बायकोनं, मंगळसूत्र दिलं विकायला. घरच्या बाकीच्या सोन्याचं काय झालं असेल ते समजून घ्या. आणि मास्तरीण व्हायची असलेल्या बायकांसाठी १९४२ ला जिजामाता अध्यापिका विद्यालय. बॅरिस्टर पी. जी. पाटील ह्याच बोर्डिंगात वाढले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या दिवसानंतर मी रॅकमागं जायचं बंद केलं, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल मग साताऱ्यात सगळं गोड झालं का, तर नाही. बोर्डिंग १९२४ चं आणि ती खोली माझ्या वेळची, गाव एकच. मेसमध्येपण पहिल्या आठवड्यात पोरं तालुक्या-तालुक्यानं बसतात, मग हळूहळू आडनावानं पण बसतात, लक्ष ठेवून बघा. मी मुद्दाम रोज वेगळ्या टेबलावर ताट घेऊन जायचो, पहिले तीन दिवस सगळे गप्प, चौथ्या दिवशी एकानं ठेचा पुढं केला.

आता कागदपत्रं, पटकन सांगतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ओबीसीला नॉन क्रिमीलेयर, सगळं मे महिन्यातच काढा, जूनमध्ये सेतूला मरणाची गर्दी. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म स्वतः भरा, कॅफेवाल्यावर सोडू नका, आणि बँक खातं आधारला लिंक आहे का बघाच, माझ्या रूम पार्टनरची स्कॉलरशिप त्यापायी वर्षभर लटकली. एससी किंवा नवबौद्ध असाल आणि सरकारी हॉस्टेल मिळालं नसेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे, विचारा. कुणी जातीवरनं बोललं तर कॉलेजात त्यासाठी तक्रार घेणारं माणूस असावं असा यूजीसीचा नियम २०१२ पासनं आहे, ते माणूस कोण हे भांडण व्हायच्या आधीच शोधून ठेवा. पोरींसाठी अंतर्गत तक्रार समिती वेगळी असते, नावं बोर्डावर लावलेली असायला पाहिजेत, नसतील तर ऑफिसात विचारायचं, लाजायचं नाही.

कमवा-शिकाचं नाव पहिल्याच आठवड्यात द्या, जागा भरतात. लायब्ररी मिळाली तर नशीब, बाग मिळाली तर टोपी घेऊन या.

आणि घरनं तांदूळ आणणार असाल तर रूम ठरल्यावर आणा.