बांगला रोडवरची रात्र : फुकेतला नाचायला जाणाऱ्यांसाठी

थायलंडमधल्या फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाटोंग नावाचे गाव आहे आणि तिथे समुद्राकडून आत जाणारा, जेमतेम चारशे मीटर लांबीचा बांगला रोड आहे. संध्याकाळी हा रस्ता वाहनांना बंद होतो आणि मग पहाटेपर्यंत तिथे पायी चालणाऱ्यांचेच राज्य असते. मुंबई-पुण्याहून फुकेतला जाणाऱ्या अनेक सहलींत इथली एक रात्र धरलेली असते. मात्र कार्यक्रमपत्रिकेत ती ‘मोकळा वेळ’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते आणि तो वेळ नेमका कसा घालवावा हे कोणी सांगत नाही. या रस्त्याचा व्यवहार एकदा समजून घेतला की बाकीचे सोपे आहे. इथे आत जाण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी पडत नाहीत, त्यामुळे सगळी कमाई तुम्ही आत गेल्यानंतरच व्हावी लागते. जे फुकट दिसते त्याचे पैसे पुढे कुठे मागितले जाणार आहेत, हे ओळखून पाऊल टाकावे.

आधी वेळेचा हिशोब करावा. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तिथे रात्रीचा एक वाजतो तेव्हा आपल्याकडे साडेअकराच झालेले असतात. क्लबांची दारे नऊ-दहाला उघडत असली तरी खरी गर्दी मध्यरात्रीनंतर जमते, आणि डिसेंबर 2023 पासून फुकेतमधल्या परवानाधारक नाइटक्लबांना पहाटे चारपर्यंत चालू राहण्याची मुभा आहे. आठ वाजता जेवून साडेनऊला क्लबमध्ये शिरलेला माणूस रिकाम्या डान्स फ्लोअरकडे बघत दोन तास पीत बसतो आणि नाचण्याची वेळ येते तेव्हा पेंगतो. दुपारी चांगली झोप काढावी, सावकाश जेवावे, अकरापर्यंत रस्त्यावर फिरून घ्यावे आणि मग आत जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी फी फी बेटांची सहल ठरलेली असेल तर रात्रीचा नाच किंवा ती सहल, यांपैकी एकच गोष्ट करावी; रात्रभर जागून स्पीडबोटीत बसण्याची हौस कोणी करू नये. बुद्धपौर्णिमेसारख्या मोठ्या बौद्ध सणांच्या दिवशी मद्यविक्रीवर निर्बंध असतात, त्यामुळे सहलीच्या तारखा अशा दिवसाला लागून असतील तर त्या रात्री काय उघडे आहे ते हॉटेलात विचारून ठेवावे.

बांगला रोडवर तीन वेगवेगळे धंदे शेजारी शेजारी चालतात आणि नवख्या माणसाला ते सगळे एकसारखेच वाटतात. रस्त्याला लागून आणि आतल्या गल्ल्यांमध्ये उघडे बिअर बार आहेत. काचबंद दारामागे किंवा पडद्याआड गो-गो बार आहेत, जिथे मंचावर मुली नाचतात आणि गिऱ्हाइके बसून बघतात. तिसरा प्रकार नाइटक्लबांचा; तिथे डीजे असतो आणि नाचायचे ते आपणच. इल्युझन हा इथल्या मोठ्या क्लबांपैकी एक, हजारो माणसे मावतील असा. ज्याला फक्त नाचायचे आहे त्याने पहिल्या दोन प्रकारांत अडकू नये, एवढे ठरवले तरी निम्मा खर्च वाचतो.

तरीही बिअर बारमध्ये तासभर बसण्यात मजा आहे, कारण रस्त्यावरची वर्दळ बघायला त्याहून चांगली जागा नाही. तिथली पद्धत मात्र माहीत असावी. तुम्ही पहिली बिअर मागवली की तिची चिठ्ठी गुंडाळून तुमच्या पुढ्यातल्या एका छोट्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पेल्यात ठेवली जाते, आणि पुढच्या प्रत्येक मागणीची चिठ्ठी त्यातच जमत जाते. हा पेला तुमचाच असतो. मधूनमधून चिठ्ठ्या उलगडून बघण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि प्रत्येक नव्या चिठ्ठीवर नजर टाकण्याची सवय ठेवली तर निघताना वाद होत नाही. बारमध्ये काम करणारी मुलगी तुमच्याशी गप्पा मारते, ओंडक्यात खिळा ठोकण्याच्या खेळात तुम्हाला हरवते आणि मग स्वतःसाठी एक पेय मागते. त्याला ‘लेडी ड्रिंक’ म्हणतात, ते नेहमीच्या पेयापेक्षा महाग असते आणि त्यातला वाटा तिला मिळतो. तिला ते पाजायचे की नाही हा तुमचा प्रश्न. नको असेल तर हसून एकदाच नाही म्हणावे, ती रागावत नाही. आणखी एक खबरदारी : बारच्या वर टांगलेली घंटा कितीही मोहात पाडत असली तरी वाजवू नये. ती वाजवणे म्हणजे त्या क्षणी बारमध्ये असलेल्या सगळ्यांना तुमच्या खर्चाने एकेक पेय पाजणे, आणि देवळातल्या घंटेची सवय असलेला आपला माणूस नेमका तिथेच हात घालतो.

रस्त्यावर हातात चित्रांचे कार्ड घेऊन मागे लागणाऱ्या दलालांना मात्र सरळ टाळावे. ‘फक्त बघा, प्रवेश फुकट’ असे म्हणून जिन्याने वर नेलेल्या खोलीत पेयांचे दर रस्त्यावरच्या कित्येक पट असतात, आणि ते न भरता बाहेर पडू पाहणाऱ्याच्या वाटेत कोणीतरी उभे राहते. रंगीबेरंगी पोशाखातल्या नर्तकी फोटोसाठी हात धरतात तेव्हा प्रत्येकीला बिदागी द्यावी लागते, म्हणून चौघींबरोबर फोटो काढण्याआधी किती जणींना किती पैसे हे विचारून घ्यावे. यांपैकी बऱ्याच जणी तृतीयपंथी असतात; त्यांच्याकडे बोट दाखवून खिदळणाऱ्या आपल्याकडच्या घोळक्यांची मला लाज वाटते. त्यांचे नृत्य नीट बघायचे असेल तर पाटोंगमध्येच सायमन कॅबरे हा नृत्याचा कार्यक्रम आहे, तो रीतसर तिकीट काढून खुर्चीत बसून बघता येतो. मोठ्या डोळ्यांचे स्लो लोरिस नावाचे माकडासारखे प्राणी खांद्यावर ठेवून फोटो काढू देणारेही या रस्त्यावर फिरतात. हा संरक्षित प्राणी आहे, त्याला असे बाळगणे बेकायदेशीर आहे. पैसे देऊन त्या धंद्याला हातभार लावू नये.

क्लबमध्ये जाताना पुरुषांनी बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि रबरी चपला टाळाव्यात. किनाऱ्यावरचा वेश असेल तर दारावरून परत पाठवण्याचा अधिकार त्यांना असतो. थायलंडमध्ये क्लबात शिरण्यासाठी आणि मद्यासाठी किमान वय 20 वर्षे आहे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी 25 वर्षे थांबावे लागते, त्यामुळे वीस-बाविशीतल्या मुलांना ही मोकळीक मोठी वाटते; पण वयाचा पुरावा जवळ ठेवावाच लागतो. फुकट प्रवेश असलेल्या ठिकाणी टेबलाला किमान खर्चाची अट असते आणि ती बसल्यावर कळते. म्हणून टेबल घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : किमान रक्कम किती, तीत कर आणि सेवाशुल्क धरले आहे का, आणि बाटलीबरोबर सोडा-बर्फ वेगळा आकारला जातो का. नाचणाऱ्याला टेबलाची गरज नसते. काउंटरवर एकेक पेय घेऊन लगेच पैसे देणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. हिंदी आणि पंजाबी गाणी वाजवणारे भारतीय क्लबही या भागात आहेत. कुटुंबातली मोठी माणसे बरोबर असतील तर ते सोयीचे पडते, पण तेवढ्यासाठी समुद्र ओलांडावा असे मला वाटत नाही. फुल मून पार्टी इथे नसते, ती को फांगान या थायलंडच्या आखातातल्या दुसऱ्याच बेटावर होते.

मद्याबाबत काळजी अशी की इथे ते बादलीतून मिळते. लहान मुले वाळूत खेळतात तेवढी प्लास्टिकची बादली, तीत स्थानिक रम किंवा व्हिस्कीची छोटी बाटली, कोला, थाई एनर्जी ड्रिंक, भरपूर बर्फ आणि चार-पाच नळ्या. गोडव्यामुळे मद्याचा अंदाज येत नाही आणि कॅफीनमुळे चढल्याचे कळत नाही, म्हणून एक बादली एकट्याने संपवू नये, ती वाटून प्यावी. उकाडा आणि नाच यांमुळे अंगातले पाणी झपाट्याने जाते. दर पेयामागे एक पाण्याची बाटली हा नियम पाळावा. आपला पेला नजरेआड झाला तर तो सोडून नवा घ्यावा, आणि अनोळखी माणसाने आणून दिलेले पेय स्त्री असो वा पुरुष, कोणीच घेऊ नये. फार स्वस्त किंवा फुकट पाजले जाणारे सुटे मद्य टाळावे. नोव्हेंबर 2024 मध्ये शेजारच्या लाओसमधल्या वांग व्हिएंग गावात मिथेनॉल मिसळलेल्या मद्याने सहा पर्यटक दगावले, आणि 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत त्याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागले तर त्याला हँगओव्हर समजू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

परतीची सोय निघण्यापूर्वीच ठरवावी, कारण पहाटे तीन वाजता थकलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. फुकेतची टुकटुक म्हणजे लाल रंगाची छोटी व्हॅन. तिला मीटर नसतो, भाडे बसण्याआधी ठरते. ठरलेला आकडा पूर्ण गाडीचा आहे, माणशी नाही, हे बोलून पक्के करावे. ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅपवरून गाडी मागवली तर ती बांगला रोडवर येऊ शकत नाही, तेव्हा कोपऱ्यापर्यंत चालत जावे. पाटोंगमध्येच हॉटेल घेतले असेल तर हा प्रश्नच मिटतो, आणि ज्यांच्या सहलीचा मुख्य हेतू रात्रीचा नाच आहे त्यांनी तेच करावे. करोन-काता या शेजारच्या किनाऱ्यांकडे किंवा फुकेत शहराकडे जाणारे रस्ते चढ-उतारांचे आणि वळणावळणांचे आहेत. मद्य पिऊन भाड्याच्या स्कूटरवर त्या घाटात जाणे हा आत्मघात आहे. त्यात आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमाही हात वर करतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, पाटोंगच्या समुद्राला जोरदार ओढ असते. नाचून घामाघूम झालो म्हणून अंधारात पाण्यात उतरू नये.

रात्री खिशात किती पैसे ठेवायचे ते हॉटेलातच ठरवावे आणि तेवढेच रोख बाट (थायलंडचे चलन) घेऊन निघावे. एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढताना दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापले जाते, आणि यंत्राने किंवा बारवाल्याने रुपयांत आकारणी करू का असे विचारले तर बाटच निवडावेत. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा, पण वयाच्या पुराव्यासाठी क्लब मूळ प्रतच मागतो का हे आधी विचारून घ्यावे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आणि रुग्णवाहिकेचा 1669 आहे. बिलावरून तंटा झाला तर आवाज चढवण्यापेक्षा शांतपणे 1155 लावणे जास्त उपयोगी पडते. थाई माणूस चारचौघांत आरडाओरडा करणाऱ्याला माफ करत नाही. खाली पडलेली नोट पायाने दाबून थांबवू नये, कारण तिच्यावर राजाचे चित्र असते. आणि गो-गो बारमध्ये कॅमेरा काढू नये.

शेवटचा धोका बॅगेत बसून घरापर्यंत येऊ शकतो. क्लबांबाहेर फुगे भरून हसवणारा वायू विकला जातो, त्यावर तिथले पोलीस कारवाई करतात. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदेशीर आहे आणि नुसती जवळ बाळगली तरी अडचण होते. गांजाची दुकाने 2022 नंतर गल्लोगल्ली उघडली, पण जून 2025 पासून त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती दुकाने बघून फसून जाऊ नये, कारण भारतात तोच गांजा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो आणि बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या प्रवाशांकडे तो सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. निघण्याच्या दिवशी बॅग स्वतः भरावी, रात्री भेटलेल्या कोणाचेही पुडके ‘मुंबईत माझा मित्र घेऊन जाईल’ या बोलीवर स्वीकारू नये, आणि विमानतळ पाटोंगपासून तासाभराच्या अंतरावर आहे हे लक्षात ठेवून गाडी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी.